अकरा फणस, रोज दोन तांबे

विद्याधरकाकांनी अकरा आठळ्या पेरल्या, कारण आठ-नऊ तरी मरतील असा त्यांचा अंदाज होता. अकराही उगवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत अकरा फणस झाले तर खालचे दोन मजले राहणार नाहीत, म्हणून श्रीखंडाच्या डब्यांतली ती रोपं त्यांनी सोसायटीत वाटून टाकली. प्रत्येकाला सांगितलं, "रोज दोन तांबे पाणी."

काकू गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांची बेल सिलेंडरवाल्याशिवाय कुणी वाजवत नसे.

आठव्या दिवशी ती प्रेमलताबाईंनी वाजवली. "भाऊजी, तुमच्या फणसाने मान टाकलीये. जरा येऊन बघता?"

काका गेले. डब्यात निव्वळ चिखल होता. दोन तांबे फारच होतात, हे त्यांना तिथेच कळलं. ते सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात चहा आला. सोबत शंकरपाळे.

"मग पाण्याचं काय करू?"

"चालू ठेवा," काका म्हणाले. "मी परवा येतो."

महिनाभर अकराही फणस आळीपाळीने आजारी पडले. काका रोज दाढी करू लागले. पान उलटं करून बघायचे, "हं" म्हणायचे, आणि मग पोहे खात कुणाच्या सासूचे गुडघे, कुणाच्या मुलाची दहावी, सगळं सविस्तर ऐकून घ्यायचे. जितेंद्रकडे तर रोप दाखवायच्या आधी ताट वाढत.

जितेंद्रच्याच मुलीने, कृतिकाने घात केला. "काका, मी नेटवर बघितलं. पाणी जास्त होतंय, बस." तिने ग्रुपवरही टाकलं.

पंधरा दिवसांत ग्रुपवर अकरा टवटवीत रोपांचे फोटो आले. काकांनी प्रत्येक फोटोला अंगठा दिला आणि एकट्यानेच चहा केला. दाढी राहिली ती राहिलीच.

रविवारी बेल वाजली. दारात त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, हातात कुंडी. "मी फेबियन. तुमच्या गेटवर केळी विकतो. फणसाचं तुम्हीच बघता ना?"

रोप पिवळं पडलं होतं. कुंडीत पाणी तरंगत होतं.

"राहता कुठे?"

"गिरीजला. वाडी आहे आपली."

"वाडीत काय काय आहे?"

"केळी, नारळ." फेबियननी कुंडी दुसऱ्या हातात घेतली. "फणसाची बावीस झाडं."

"कुणी लावली?"

"मीच. बियांपासून."

काका कुंडीकडे बघत राहिले. "घरी कोण असतं?"

"पोरं कॅनडाला."

काकांनी पान उलटं करून पाहिलं. "हं. हे लवकर बरं नाही व्हायचं."

"चालेल," फेबियन म्हणाले, आणि चपला काढून आत आले.