टेकचंदभाऊंचा झेल

टेकचंदभाऊंच्या हातात काही द्यायचं नसतं, फेकायचं असतं. किल्ल्या, मोबाईल, जेवणाचा डबा, सगळं. त्यांच्या मिलमध्ये फिटर म्हणून लागलो त्या दिवशी मी त्यांच्यापुढे अदबीनं पाना धरला. भाऊ भडकले, "हातात कायले देतेस? फेक ना!" फेकला. भाऊंनी न बघता झेलला. चहा तेवढा या नियमातून सुटला आहे.

तिरोड्याजवळ त्यांची राईस मिल आहे. या धंद्यात येण्याआधी आठ वर्षं भाऊ कोलकात्याच्या एका फुटबॉल क्लबचे पगारी गोलकीपर होते. गुडघा मोडला आणि खेळ संपला. गावाला वाटलं, हा आता पानठेल्यावर बसून जुने सामने सांगत राहणार. पण भाऊ दुसऱ्याच्या मिलमध्ये दोन वर्षं मशीनखाली लोळून काम शिकले, मग स्वतःची मिल टाकली.

दुसऱ्याच हंगामात कोंड्याला आग लागली. छप्पर खाली आलं. सकाळी मी माझी हत्यारं गोळा करून निघालो.

"कुठं चालला बे?"

"घरी. आता काय उरलं, भाऊ?"

"रेफरीची शिटी वाजली काय?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग? पकड तिकडून."

लंगडत लंगडत त्यांनी माझ्यासोबत जळके पत्रे ओढले. धान घेऊन आलेल्या लोकांना सांगितलं, "कोणी परत जायाचं नाही. भरडूनच देतो." चौथ्या दिवशी ताडपत्रीखाली धान भरडायचा एक हलर धडधडायला लागला. आज तिथं पक्की शेड आहे.

मागच्या दिवाळीनंतर केरळहून एक उंच पाहुणा आला. भाऊंना मिठी मारून लहान मुलासारखा रडला. भाऊ चहा सांगायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "इनका घुटना मेरी टक्कर से टूटा था. मैं खेलना छोड़ रहा था. इन्होंने अस्पताल से फोन किया, 'गलती मेरी थी, मैं गोल छोड़कर देर से निकला.' हर इतवार फोन करते रहे, जब तक मैं मैदान पर नहीं लौटा."

तो नंतर दहा वर्षं खेळला.

पाहुणा गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, खरंच उशिरा निघाले होते तुमी?"

भाऊंनी मूठभर तांदूळ घेतला, फुंकर मारून पाहिला.

"नाही बे. टायमावरच निघालो होतो." तांदळातला एक खडा काढून टाकला. "पण पोरगा लय चांगला खेळत होता."