हरिदासची दाढदुखी

बहरीनमध्ये मालकाला न सांगता दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाणं फारसं अवघड नाही. फक्त मालक गाववाला नसावा. हरिदास महाडचा आणि त्याचे मालक शब्बीरभाई दापोलीचे. समुद्र ओलांडल्यावर एवढं अंतर कुणी धरत नाही.

जिदहफ्समधल्या शब्बीरभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हरिदास चार वर्षं माल सांभाळत होता. त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. बायको कुसुम आणि पाच वर्षांची श्रावस्ती महाडला. श्रावस्तीच्या लेखी बाप म्हणजे टेलिफोनमधून बोलणारं काहीतरी होतं, आणि हे आठवलं की हरिदासला जेवण गोड लागत नसे. म्हणून फ्रिज आणि एसी विकणाऱ्या एका बड्या कंपनीने शनिवारी अकराला बोलावलं, तेव्हा त्याने आयुष्यातली पहिली थाप मारायचं ठरवलं.

"शब्बीरभाई, दाढ लय दुखतेय. अर्धा दिवस सुट्टी द्या."

परदेशात गाववाल्याला एकट्याने आजारी पडता येत नाही, हे तो विसरला होता. शब्बीरभाईंनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

"एकटा कुठे जातोस? मी काय मेलो? चल, बस पिकपमध्ये."

दातांच्या डॉक्टर ताहिरने तोंडात बत्ती मारली, तर एक दाढ खरोखरच किडलेली निघाली. आपण खरंच बोललो होतो, याचं हरिदासला फार वाईट वाटलं. मग डॉक्टर आणि शब्बीरभाई अरबीत बराच वेळ बोलत राहिले. चार वर्षांत हरिदासचं अरबी 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. हे दोन्ही शब्द त्याला ऐकू आले, आणि पाठोपाठ सुई आली.

साडेदहाला त्याच्या गालात कापसाचा बोळा होता, जबडा बधिर होता आणि तासभर तोंड उघडायचं नाही असा हुकूम होता. शब्बीरभाईंनी त्याला खोलीवर सोडलं, अंगावर चादरही घातली. पिकप वळताच हरिदास टॅक्सीत बसला आणि ड्रायव्हरला इंटरव्ह्यूचं पत्र दाखवलं.

कंपनीच्या ऑफिसात आधीचे उमेदवार आत जाऊन दहा दहा मिनिटं आपल्या कर्तबगारीबद्दल बोलत होते, ते बाहेर ऐकू येत होतं. हरिदास आत गेला आणि मान लववून बसला. समोर एक इंग्रज साहेब आणि अहमद नावाचे बहरीनी मॅनेजर. साहेबाने विचारलं, आताची नोकरी का सोडायची आहे? हरिदासने हळूच मान हलवली. बधिरपणा उतरू लागला होता, काढलेल्या दाढेच्या जागी कळ नेमकी तेव्हाच आली आणि त्याचे डोळे भरले.

ते पाहून अहमद गहिवरले. चांगल्या माणसांची कदर कुठेच होत नाही, असं म्हणून त्यांनी वरच्या साहेबांबद्दलची गाऱ्हाणी सुरू केली. इंग्रज साहेबाला ती पटली नाहीत, म्हणून त्याने आपली वेगळी सांगितली. हरिदास दोघांकडे आळीपाळीने बघत मान हलवत राहिला. बरोबर अर्ध्या तासाने दोघेही मोकळे होऊन उठले आणि त्यांनी हरिदासचा हात हातात घेतला.

आठवड्याने पत्र आलं. नोकरी तक्रार खिडकीवर, फॅमिली व्हिसासकट. एसी बंद पडलेल्या गिऱ्हाइकाचं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस कंपनीला दोन वर्षं मिळत नव्हता. आता अडत होतं एकाच कागदावर. जुन्या मालकाने रिलीज लेटर दिल्याशिवाय व्हिसा बदलत नाही.

हरिदासने दुकानात जाऊन सगळं कबूल केलं. शब्बीरभाई ऐकून जराही दचकले नाहीत.

"ठाऊक होतं मला. दाढ दुखते म्हणून टाय लावून कोण जातो रे?"

"मग तुम्ही..."

"डॉक्टर म्हणत होता, आठवडाभर औषध दे, मग बघू. मीच म्हटलं, आत्ताच काढ. तोंड बधिर असलं की तुला कोण घेणार? तुझ्यासारखा माणूस मला परत कुठे मिळायचा, हरिदास?" त्यांनी कागद पुढे ओढला आणि खिशात पेन चाचपू लागले.

हरिदासच्या डोक्यात सणक गेली. चांगलं सुनवावं असं फार वाटलं. पण पेन अजून टेकायचं होतं, म्हणून त्याने मान हलवली आणि सही होईपर्यंत शब्बीरभाईंचं सगळं ऐकून घेतलं.