साठ ते सत्तर

चष्मेवाल्यांनी विकायला काढलेल्या आपल्या घराची किंमत पंचाहत्तर लाख सांगितली, तेव्हा दातवाला "विचार करून सांगतो" एवढंच म्हणाला आणि घरी आल्यावर खरोखरच विचार करत बसला. त्याला सगळे दातवाला म्हणत, कारण तो कवळ्या बनवायचा. एका दवाखान्याच्या मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत बसून गेली सोळा वर्षं तो लोकांचे जबडे प्लास्टरमध्ये ओतत आला होता. चष्मेवाल्यांच्या त्या बैठ्या घराला मागे एक खोली होती आणि तिला भिंतभर खिडकी होती. तिथे आपलं टेबल मांडलेलं त्याला डोळे उघडे ठेवूनही दिसत होतं. त्यातच भाड्याच्या जागेच्या मालकाने दोन महिन्यांत जागा सोडायला सांगितलेलं. म्हणजे घर हवं होतं, लवकर हवं होतं, आणि हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. यातली शेवटची गोष्ट त्याला जन्मात जमली नव्हती.

"दाजी, घाई करू नका," जुन्या मोटारींचा धंदा करणारा मेहुणा म्हणाला. "त्यांनी स्वतः ते घर केवढ्याला घेतलं होतं, ते आधी काढा. ते कळेपर्यंत आपला आकडा तोंडातून बाहेर पडता कामा नये. तुम्ही सत्तर म्हणाल आणि त्यांनी पन्नासला घेतलेलं निघालं, तर आयुष्यभर हळहळाल."

दातवाल्याने हळहळायला तिथल्या तिथे सुरुवात केली.

बायको एका शाळेच्या कार्यालयात दाखले लिहायची. तिला उभ्या आयुष्यात कुठल्याही रकान्यापुढे अडखळायची सवय नव्हती. "सत्तरपर्यंत आपल्याला जमतंय. सत्तर सांगून मोकळा हो. नाही म्हणाले तर दुसरं बघू."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर घर मिळालं."

"पण लगेच हो म्हणाले तर? म्हणजे आपण फसलो ना!"

बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो अर्धी रजा टाकून नोंदणी कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनाने एक जाडजूड सूची उघडली, बोट फिरवलं आणि मिटली. "नऊ वर्षांपूर्वीचा व्यवहार आहे. त्या वर्षाचं बाड बांधणीला गेलंय."

"कधी येईल?"

"गेलंय म्हणजे येईलच."

"निदान रक्कम तरी..."

"सूचीत रक्कम नसते. नावं असतात. बघायचीत तर बघा."

घेणाऱ्याच्या जागी चष्मेवाल्यांचं नाव होतं. देणाऱ्याचं नाव दातवाल्याने दोनदा वाचलं. तेच नाव त्याने गेल्या गुरुवारी एका प्लास्टरच्या जबड्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं.

ते नाव होतं ऑपरेटरबाईंचं. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं नंबर जोडून दिलेल्या या बाई. शब्द असा टाकायच्या की पलीकडच्या माणसाला पुन्हा विचारावं लागत नसे, अशी त्यांची ख्याती. आता पंचाहत्तरी ओलांडली होती आणि तोंडात एकही दात उरला नव्हता. त्यांच्या नव्या कवळीचं माप दातवाल्याच्याच टेबलावर पडलं होतं.

मंगळवारी बाई दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून दोन्ही हिरड्यांमध्ये मेणाचा पट्टा धरायला दिला आणि हात धुवायला गेल्या. दातवाला कधी नव्हे तो मागच्या खोलीतून बाहेर आला.

"रंग बघायचा होता दातांचा," तो उगाचच म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बाई, आपल्या दवाखान्यामागच्या गल्लीतलं बैठं घर पूर्वी तुमचं ना? मी जातो-येतो तिथून."

बाईंचे डोळे लकाकले. "ओ!"

मग त्याने लोणी लावायला घेतलं. दारातलं लिंबाचं झाड कसं लगडलंय, पायऱ्या कशा अजून गुळगुळीत आहेत, मागच्या खोलीत सकाळी कसा उजेड येतो. गल्लीतून जाणाऱ्याला मागच्या खोलीतला उजेड कसा दिसला, हे विचारायचं बाईंना सुचलं नाही, पण दातवाल्याला मात्र घाम फुटला. त्याने घाईघाईने मुद्द्याला हात घातला. "त्या वेळी केवढ्याला दिलंत ते?"

बाई मेण सांभाळत म्हणाल्या, "अं-अहष्ट."

"किती?"

"अं-अहष्ट!"

"दादा, तुम्ही इथे काय करताय?" डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. "त्यांना बोलायला लावू नका, पट्टा सरकेल."

पट्टा सरकला होताच. माप पुन्हा घ्यावं लागलं.

"शेवटी ‘ष्ट’ होतं, एवढं नक्की," घरी आल्यावर त्याने कागद पुढे ओढला. "म्हणजे एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट किंवा अडुसष्ट."

"अरे वा! आठच उरले," बायको म्हणाली.

"चेष्टा करू नकोस. एकसष्टला घेतलं असेल तर मी चौसष्टने सुरुवात करणार. अडुसष्टला घेतलं असेल, तर चौसष्ट ऐकून ते मला दारातून हाकलतील."

त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांचा फोन आला. आणखी एक गिऱ्हाईक घर बघून गेलं होतं. शनिवारपर्यंत काय ते सांगा, म्हणाले. आता एकच मार्ग होता. शनिवारच्या आत बाईंच्या तोंडात दात बसायला हवे होते.

कवळीला एरवी तीन आठवडे लागतात. दातवाल्याने टेबलावरची सगळी कामं बाजूला सारली आणि बाईंचा साचा पुढे ओढला. बाजूला सारलेल्या कामांत एका वकिलांची दुरुस्तीला आलेली कवळी होती. गुरुवारी वकीलसाहेब बिनदातांचे कोर्टात उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि पुढची तारीख मागून खाली बसले. त्यानंतर त्यांनी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंना पहिली पाच मिनिटं एक शब्द कळला नाही, पण सूर कळला.

"दादा, काय चाललंय तुमचं? वकिलांची कवळी बुधवारी द्यायची होती ना?"

"बाईंचे हाल बघवत नव्हते हो," दातवाला खाली मान घालून म्हणाला. तो कानशिलांपर्यंत लाल झाला होता.

बुधवारी आणि गुरुवारीही बाई तपासणीला आल्या. दोन्ही वेळा त्याने लिंबाचा आणि उजेडाचा विषय काढला, दोन्ही वेळा आकडा विचारला, दोन्ही वेळा "अं-अहष्ट"च ऐकू आलं. बाई मात्र लिंबाचं ऐकताना अगदी गप्प होऊन बसायच्या.

शुक्रवारी सकाळी दात बसले. बाईंनी आरशात बघितलं, ओठ मिटले, उघडले. नव्या कवळीची परीक्षा घ्यायची एक पद्धत असते. माणसाला साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावतात, कारण स आणि ष तिथे पाठोपाठ येतात आणि कुठे शिट्टी वाजली की लगेच कळतं. दातवाल्याने श्वास रोखून धरला. आकडा म्हणताना बाई कुठेतरी थबकतील, निदान डोळा तरी लवेल, अशी त्याची आशा होती.

"साठ," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर. नंबर लागला, बोला."

डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. दातवाल्याने न राहवून विचारलं, "यातला कोणता?"

"कोणता कसला?"

"घराचा, बाई. तुम्ही केवढ्याला दिलं होतं?"

"त्रेसष्ट. चार दिवस सांगतेय. का रे?"

"काही नाही, सहज," दातवाला म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन त्याने मेहुण्याला फोन लावला.

मेहुण्याने फोनवरच हिशोब केला. त्रेसष्टला घेतलंय, तर सहासष्टने सुरुवात, सत्तरच्या पुढे जायचं नाही. शनिवारी सकाळी दातवाला रस्ताभर "सहासष्ट, सहासष्ट" घोकत चष्मेवाल्यांच्या दारात पोचला.

"या, या," चष्मेवाले म्हणाले. "तुम्हाला फोन करणारच होतो. घर कालच गेलं."

"गेलं? कुणाला?"

"ज्यांच्याकडून मी घेतलं होतं, त्याच बाईंना! काल दुपारी नुसतं घर बघायला आल्या, तेव्हा विकायचंय ते कळलं. मी म्हटलं पंचाहत्तर, त्या म्हणाल्या पंचाहत्तर. काय उच्चार हो! समोरच्याला पुढे बोलायचं सुचू नये असा. चार दिवस कुणीतरी त्यांना इथल्या लिंबाचं आणि मागच्या उजेडाचं सांगत होतं म्हणे. जीव राहीना त्यांचा."

दातवाला घरी आला आणि सगळं सांगून भिंतीकडे तोंड करून पडला. आपण विचारलं नसतं तर बाईंना लिंबू आठवलं नसतं, आणि आपण घाई केली नसती तर त्यांना अजून तीन आठवडे पंचाहत्तर म्हणता आलं नसतं, हे दोन्ही त्याने स्वतःच्या तोंडून सांगितलं. बायकोने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. ते त्याला जास्त लागलं.

सोमवारी बाई हिरडीला एक जागा टोचते म्हणून आल्या. दातवाला कवळी घासत होता तेव्हा त्या बोळक्या तोंडाने काहीतरी आनंदाचं सांगत होत्या. त्याने मान डोलावली. दात बसवल्यावर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, की त्याच्यामुळे त्या स्वतःच्या घरी परत चालल्या होत्या.

"आणि आमच्या दादांना मात्र घर मिळेना," डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. "दोन महिन्यांत जागा सोडायचीय त्यांना."

"अरे, मग माझी जागा रिकामीच होतेय की! बायकोला घेऊन ये संध्याकाळी."

बाईंची जागा दुसऱ्या मजल्यावर होती. तीन खोल्या, मोठी बाल्कनी, पूर्वेची खिडकी. बायको स्वयंपाकघरात बाईंशी बोलत राहिली, दातवाला खिडकीपाशी उभा राहून टेबलाची लांबी मनात मोजत होता. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चव्वेचाळीस."

दातवाल्याने घसा साफ केला.

"घेतली," बायको म्हणाली.

जिना उतरताना त्याने एक मजला कसाबसा काढला. मग राहवलं नाही. "त्यांनी केवढ्याला घेतली असेल गं?"

"चव्वेचाळीसला. मी विचारलं."

"नऊ वर्षांपूर्वी? आणि एक पैसा वाढवला नाही?" त्याचा हात कठड्यावरच राहिला. "काहीतरी भानगड असणार. गळत असेल कुठेतरी."

"काही गळत नाही. तुझ्यासाठी कमी केलंय. म्हणाल्या, दात गेल्यापासून दोन वर्षांत कुणी माझं बोलणं धड ऐकूनच घेतलं नाही. हा मुलगा मात्र रोज बाहेर यायचा, कान देऊन ऐकायचा, पुन्हा पुन्हा विचारायचा. मला बोलता यावं म्हणून चार दिवसांत दात करून दिले त्याने."

दातवाला पायरीवर खाली बसला. "त्यांना खरं सांगायला हवं."

"सांग की. काय सांगशील?"

त्याने खूप विचार केला. बाईंचं एकेक अक्षर ऐकण्यासाठी तो चार दिवस नीट जेवला नव्हता, यात खोटं काहीच नव्हतं.