लेकीच्या प्रवेशावर रीतसर हरकत

दंतवैद्यांची मुलगी परदेशातल्या सर्वांत नामांकित विद्यापीठात शिकणार, हे दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला माहीत होतं. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसाला मतभेद व्यक्त करता येत नाही. अर्ज मात्र अजून भरायचा होता.

शेवटी बायकोने त्यांना प्रवेश-सल्लागाराकडे नेलं. "शंभरातल्या दोघा-तिघांना घेतात," तो म्हणाला. "अपेक्षा वास्तववादी ठेवा."

दंतवैद्य कुठलंही काम अर्धवट सोडत नसत. त्यांनी अपेक्षा मुळासकट उपटल्या. मुलीने अर्ज भरला, तेव्हा ते मायेने म्हणाले, "कशाला डोळे फोडतेस बाळा? तुला घेणार नाहीतच." आल्यागेल्यालाही तेच ऐकवू लागले. आपल्या समंजसपणाचा त्यांना फार अभिमान वाटे.

आणि तिला प्रवेश मिळाला. मुलगी नाचतच बाहेर आली. दंतवैद्यांचा चेहरा उतरला.

"विद्यापीठाची काहीतरी गफलत झालीय."

"अहो, गफलत कसली? नाव तिचंच आहे," बायको म्हणाली.

"म्हणून तर!"

माणूस प्रामाणिक. त्यांनी थेट प्रवेश कार्यालयाला फोन करून आपल्या मुलीला चुकून घेतल्याचं कळवलं. पालकांच्या अशा हरकतीची नियमात तरतूद नव्हती. ती तातडीने करण्यात आली. चौकशी समिती बसली आणि प्रवेशाला स्थगिती मिळाली.

मुलीने ताट बाजूला सारलं. "बाबा, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

दंतवैद्य भरल्या ताटावरून उठले. ते हरकत मागे घ्यायला धावले. तशी तरतूद मात्र अजून व्हायची होती.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. समितीने आधी ओळख पटवण्यापुरता एक सोपा प्रश्न विचारला, "आपल्या कन्येने कोणत्या विषयासाठी अर्ज केला आहे?"

दंतवैद्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं.

निकाल तिथल्या तिथे लागला : 'तक्रारदाराचा अर्जदाराशी पुरेसा परिचय नसल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे.'

मुलगी निघाली. निरोप द्यायला विमानतळावर जमलेल्या नातेवाइकांनी विद्यापीठ जगात कितवं, टक्के किती पडले होते, पुढे पगार किती मिळेल, सगळं खोदून खोदून विचारलं. ती काय शिकायला चाललीय, हे एकानेही विचारलं नाही. लोकांना मुलांशी काही देणंघेणंच नसतं, म्हणून दंतवैद्य मनातल्या मनात चिडले.

चिडणं रास्तच होतं. पण इथवर वाचताना तुम्ही तरी कुठे विचारलंत?