तक्रार उघडीच ठेवा

चहाला उठायचं टाळावं, एवढ्यासाठीच त्यानं तो फोन घेतला. चहा स्वयंपाकघरात, तिथं बायको येण्याची शक्यता, आणि बायकोसमोर उभं राहण्यापेक्षा अनोळखी माणसाचा बंद पडलेला कॉम्प्युटर परवडला. त्याचं पोट त्यावरच चालत होतं. घरी बसून कानाला हेडफोन लावायचा, इंटरनेटवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचा ताबा घ्यायचा आणि बिघाड काढायचा. कंपनीत त्याच्या पदाला 'मदतनीस' म्हणत. (घरात या पदाला मान्यता नव्हती.)

"नमस्कार, बोला, काय अडचण आहे?" तो म्हणाला.

"कॉम्प्युटर सारखा अडकतोय," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्याला दोनदा ऐकू आलं. आधी भिंतीतून, मग कानात.

भिंतीपलीकडच्या खोलीत बायको तिच्या ऑफिसचं काम करत बसली होती. तिच्या ऑफिसनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं कंत्राट हल्लीच त्याच्या कंपनीला दिलं होतं. हे तिनं त्याला बोलणं बंद होण्याआधी सांगितलंही होतं. तो तेव्हा 'हं' म्हणाला होता.

अशाच दुसऱ्या एका 'हं'नं त्याचा घात केला होता. तिची आई गेल्या वर्षी गेली. आईनं वेळोवेळी बोलून पाठवलेले निरोप, म्हणजे आईचा आवाजच, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते. तो कॉम्प्युटर रेंगाळायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "साफ करायच्या आधी आईचे निरोप काढून ठेव." तो 'हं' म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटर असा लख्ख पुसला, की कारखान्यातून निघाला तेव्हाही तो इतका कोरा नसेल. वर तिला बोलावून कौतुकानं दाखवला. ती भांडली नाही, रडली नाही. त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली, मग उठून आत गेली, आणि त्या दिवसापासून दोघांत गरजेपुरतेही शब्द उरले नाहीत. गेलेलं परत मिळवायचे जेवढे उपाय त्याला येत होते, तेवढे त्यानं रात्रंदिवस करून पाहिले. काही हाती लागलं नाही. माफी मागणं हाही एक उपाय होता, पण त्याचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

तिनंही आवाज ओळखला होता. फोन ठेवावा तर पंचाईत, कारण घेतलेला फोन मध्येच सोडणाऱ्याची पगारवाढ कंपनी रोखून धरत असे. मोकळं बोलावं तर प्रत्येक शब्द रेकॉर्ड होत होता. चहा टाळायला गेला आणि आगीतून फुफाट्यात पडला.

"तुम्हीच आहात तर तुम्हीच बघा," ती म्हणाली. "मला जेवणाआधी काम पाठवायचंय."

तिनं त्याला 'तुम्ही' म्हटलं. लग्नात सगळ्या आत्या-मावश्यांनी आग्रह केला, तरी ती 'अरे-तुरे'वरून हलली नव्हती. नवऱ्याचा मान त्याला मिळाला तो असा, कंपनीच्या खर्चानं.

"पडद्यावर परवानगी द्यायची का, असं विचारतील. 'हो' म्हणा."

बराच वेळ काही झालं नाही. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. मग परवानगी आली आणि तिचा पडदा त्याच्यासमोर उघडला.

त्यावर भाड्याच्या खोलीची जाहिरात होती. एकच खोली, एक खिडकी, भिंतीला लावलेला अरुंद पलंग. खाली लिहिलं होतं, 'एकट्या व्यक्तीसाठी सोयीची.'

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली.

"मॅडम, इथं एक पान उघडं आहे."

"माहीत आहे."

"बंद करू का?"

"नको. मी अजून बघतेय."

"खोली फार लहान वाटते," तो म्हणाला. "उजेडही कमीच दिसतो."

"कॉम्प्युटर त्यामुळे अडकतोय का?"

"नाही."

"मग कॉम्प्युटरचं बघा."

तो मुकाट्यानं बघू लागला. बिघाड साधा होता. आत नको ते इतकं साठलं होतं, की हवं ते हलायला जागा नव्हती. एरवी त्यानं एका फटक्यात सगळं पुसून टाकलं असतं. आज त्याचं बोट उचलेना. तो एकेका फाइलवर बाण नेऊन विचारू लागला, "हे पुसू का?" ती 'हो' म्हणाली की पुसायचा. पुन्हा, "आणि हे?"

"ते कचऱ्याच्या डब्यातलंच आहे," ती म्हणाली. "त्याला काय विचारायचं?"

"म्हटलं, विचारलेलं बरं."

"विचारायचं तेव्हा विचारावं."

तो पुढं पुसत राहिला. कॉम्प्युटर सुरळीत झाला तेव्हा त्यानं समोर चिकटवलेल्या कागदावरचं कंपनीचं मंजूर वाक्य वाचलं, "झालेल्या त्रासाबद्दल कंपनी मनापासून दिलगीर आहे."

"कंपनी?" तिनं विचारलं.

"म्हणजे..." हेडफोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, अगदी कानाशी. ती वाट बघत होती. तो कागदावर वरपासून खालपर्यंत शोधत राहिला. शेवटी त्याला दिसलं ते त्यानं वाचलं. "तक्रार बंद करू का?"

"कॉम्प्युटर चालू झाला," ती म्हणाली. "तक्रार उघडीच ठेवा."

फोन ठेवल्यावर त्याला यातही आशा दिसली. उघडी ठेवा म्हणाली, म्हणजे अगदीच संपलेलं नाही. त्यानं चहा केला, एक कप तिच्या दाराशी ठेवला. संध्याकाळी तो कप धुऊन जागेवर आला. (चहा पिऊन धुतला की ओतून धुतला, हे कपावरून कळत नाही.)

पण त्याच्या कंपनीत उघडी राहिलेली तक्रार त्याच माणसाकडे राहत नाही. ती आपोआप वरच्या माणसाकडे जाते. दुसऱ्या दिवशी ती गेली काकांकडे. काका म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने मदतनीस, आयुष्यभर बिनलग्नाचे. तक्रार करणारी बाई त्याचीच बायको आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तो सांगायला धजावला नव्हता.

भिंतीपलीकडे फोन वाजला. "हो, बोला," ती म्हणाली. मग ती बोलत राहिली, हळू आवाजात, न थांबता. मध्येच ती रडायला लागली. आई गेल्याचं रडू त्याच्या ओळखीचं होतं; हे त्या कोऱ्या पडद्याचं, जे त्याच्यासमोर कधी आलं नव्हतं. त्यानं हेडफोन काढून भिंतीला कान लावला. शब्द कळत नव्हते. टेबलावरच्या हेडफोनमधून त्याचा ग्राहक 'हॅलो, हॅलो' करत होता. बऱ्याच वेळानं ती एकदा हसली. थोडंसंच, पण हसली.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"तुमची कालची तक्रार मिटवली बरं का. बाईंनी पाच तारे दिले."

"कॉम्प्युटर पुन्हा अडकला होता?"

"छे, कॉम्प्युटर ठणठणीत आहे. त्यांना बोलायचं होतं, मी ऐकलं. फार सज्जन बाई. तुम्ही घाई केलीत बहुधा."

"काय म्हणाली?"

"बरंच काही."

"काका, ती खोली घेतेय का, एवढं तरी सांगा."

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं कसं सांगू? त्यांच्या घरचं आहे ते. बाहेरच्या माणसाला नाही सांगता येत."