पाहिलंस की ऐकलंस?

गांगुर्डे सिस्टर एकदा पेशंटच्या खाटेवर डोक्यावरून पांघरूण घेऊन स्वतःच झोपल्या होत्या. कशाला? तर आम्हाला पकडायला!

आणीबाणी नुकतीच उठली होती, पण नाशकातल्या आमच्या वॉर्डात सिस्टरांची चालूच होती. मी पेठहून नर्सिंग शिकायला आलेली. ड्यूटी संपली की आपले पेशंट पुढच्या नर्सच्या हवाली करायचे, त्याला चार्ज देणं म्हणतात. ते सिस्टर शिकवायच्या. त्या दिवशी मी ऐटीत म्हणाले, "सात नंबर, शेवंताबाई. झोप छान, चहा घेतला, ताप नाय."

पांघरुणातून आवाज आला, "पाहिलंस की ऐकलंस?"

मी किंचाळलेच! शेवंताबाई तिकडे व्हरांड्यात ऊन खात, तोंडाला पदर लावून हसत होती. कटात सामील!

तेव्हापासून मला प्रत्येक पांघरुणाचा संशय यायचा. सिस्टरांना तर सगळ्या जगाचाच. दूधवाला म्हणाला, "म्हशीचं आहे," की लगेच, "पाहिलंस की ऐकलंस?" त्यांच्यापुढे 'पेशंट बरा आहे' म्हणायची चोरी. "बरा म्हणजे काय? लघवी झाली? टाके कोरडे आहेत? हात लावून सांग." शेवटच्या परीक्षेचा चार्जही त्याच ऐकणार. एक शब्द खोटा निघाला की वर्ष गेलं.

आणि परीक्षेच्या आठवड्यातच सिस्टरांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. खाट सात नंबरचीच! परीक्षा टळली म्हणून मी नवश्या गणपतीला नारळ बोलले. पण बाई कसल्या ऐकतात! "माझाच चार्ज दे. पडल्या पडल्या ऐकेन."

परीक्षेच्या दिवशी भेटीची वेळ संपत आली, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "भाऊ भेटून गेला, असं चार्जमध्ये सांग."

तीन दिवसांत कोणीच फिरकलं नव्हतं. मला वाटलं, हाही सापळाच! पण त्यांचे डोळे दाराकडे लागले होते. मी स्टूल ओढलं आणि भेटीची घंटा होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले.

"कामं नाहीत का तुला?"

"झाली."

मग पुढच्या नर्सला चार्ज दिला. "सात नंबर, गांगुर्डे सिस्टर. ताप नाय. टाके कोरडे, हात लावून बघितलेत. भेटायला एक माणूस आलं होतं."

"कोण?" तिनं विचारलं.

"मी."

सिस्टरांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मग आतून घोगरा आवाज आला, "लिहून घे गं. मी पाहिलंय."