वाघळांचं माहेर

बोराडेकाकांना तुम्ही नमस्कार केलात तर ते नमस्कार करत नाहीत. "मूळ कुठलं?" असं विचारतात. तुम्ही सातारा म्हणालात, तर तालुका. तालुका सांगितलात, तर त्याआधी कुठे होतात? आमच्या मोशीच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की त्याचं कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत त्याचे पणजोबा काकांच्या वहीत पोचलेले असतात. एका दूधवाल्यानं म्हणे वैतागून रतीबच बंद केला. मी माझं आजोळ दोनदा खोटं सांगून पाहिलं. दोन्ही वेळा पकडला गेलो.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. चाकणच्या एका कंपनीत ते बाहेरून आलेला माल तपासतात. ज्या बोल्टचं पोलाद कुठल्या भट्टीतून आलं हे कागदावर नाही, तो बोल्ट नापास, लाल डब्यात. मॅनेजर आडवा झोपला तरी लाल डब्यात. आयुष्यभर हे केल्यावर माणसाला जगात बिनकागदाचं काही बघवत नाही. आणि आमच्या फाटकाजवळच्या वडावर तर बिनकागदाची वटवाघळं उलटी लटकलेली. मी मोजली तेव्हा सव्वा लाख होती. काका दोनशे म्हणतात.

काकांनी त्यांचंही मूळ काढलं. कंपनीतल्या रद्द ड्रॉइंगचे पाठकोरे कागद जोडून हॉलच्या भिंतीवर वंशावळ चिकटवली. पंखा लावला की आख्खं खानदान फडफडायचं.

"लोकांना वाटतंय, मोठी वाघळं फळं खातेत, बारकी किडे खातेत, म्हंजे दोन घराणी," काका आपल्या धाराशिवकडच्या बोलीत मला समजवायचे. "साफ खोटं! घोड्याच्या नालेसारख्या नाकाचं ते बारकं हाय ना, ते ह्या मोठ्याचं जवळचं भाऊबंद. आन् त्याच गुहेत त्याच्या शेजारी लटकतंय ते दुसरं बारकं, ते लांबचं. तोंडावर जाऊ नका, राव."

"आणि अमेरिकेतली फळं खाणारी?"

"त्यांचा काय संबंध? एका खानावळीत जेवलं म्हणून सोयरीक होती का?"

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी मात्र चेष्टा संपली.

सोसायटीचे चेअरमन अण्णा मूळ गावातले. आमच्या इमारती त्यांच्याच रानावर उभ्या आहेत. त्यांनी दोरखंड आणि करवतीचं मशीन घेऊन एक माणूस बोलावला होता. झाड पाडायचं नव्हतं. फक्त फांद्या छाटायच्या. इतक्या, की खाली खुंट उरावा. माणूस वर चढला, मशीन एकदा गुरगुरलं, आणि सगळा वड किंचाळला. काही वाघळं भर उन्हात उडाली. बाकीची उडेनात. त्यांच्या छातीला पिल्लं चिकटलेली होती.

काका बनियनवर धावत आले आणि त्याच फांदीखाली उभे राहिले.

"काय करलालाव तुम्ही, अण्णा?"

"बाजूला व्हा, बोराडे. फांदी डोस्क्यात पडंल."

"पडू द्या."

"ही रोगाची घाण हाय. कुठनं आल्यात कुनाला ठावं! परमुलखातली पाखरं ही..."

"पाखरं न्हवंत! आन् परमुलखातली तर मुळीच न्हाईत!" काकांचा आवाज चिरकला. "ह्यांचं घराणं हिकडचंच, आशियातलं. हितनं आफ्रिकेत गेली, एकदा न्हाई, पुन्हा पुन्हा गेली. आफ्रिका सासर हाय ह्यांचं. हे माहेर! लेकुरवाळीला कुणी माहेरातून हाकलतंय का?"

लोक हसले. पण अण्णा हसले नाहीत, तसं हसू जागीच विरलं. त्यांनी वर हात केला. "चालव रं."

मशीन सुरू झालं. भुसा काकांच्या टकलावर पडायला लागला. फांदी करकरली. काका हलेनात. मी झेप घेऊन त्यांना ओढायला गेलो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे मी एका स्कूटरमागे होतो.

"बंद करा आधी त्ये!"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अण्णांच्या मंडळी उभ्या होत्या, शांताकाकू.

"अगं, नातवासाठीच चाललंय न्हवं?" अण्णा खालून ओरडले. "आजार-बिजार झाला म्हंजी?"

"आत सुवर्णा बाविसाव्या दिवसाची बाळंतीन निजलीया. आपली लेक घरात, आन् दारातल्या लेकुरवाळ्यांवर करवत? तळतळाट कुनाला लागंल?"

मशीन थांबलं. अण्णा वर बघत राहिले. आधी गॅलरीकडे, मग वडाकडे.

"खिडकीला जाळी लावा," काका हळू म्हणाले. "वाघळाला हात लावायचा न्हाई, खाली पडलेलं उष्टं फळ उचलायचं न्हाई. एवढं पाळा, अण्णा."

"सव्वा महिना," अण्णा म्हणाले. "बाळंतिनीला द्येतो तेवढा."

"ह्यांचा सव्वा महिना अडीच महिन्यांचा असतोय."

फांदी अर्धी चिरून डोक्यावर लोंबतेय, आणि हा माणूस घासाघीस करतोय!

"अडीच तर अडीच," अण्णा म्हणाले. "उतर रं खाली."

काकांना हाताला धरून आम्ही फांदीखालून बाजूला आणलं. गर्दी पांगली. अण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"लई वकिली केली राव. तुमची लेक बाळंतपनाला ऱ्हायली आसंल की मग चांगली तीन-चार महिनं!"

काका टकलावरचा भुसा झाडत होते. हात थांबला.

"नऊ दिवस."

"आं?"

"मारुंजीला होतो तवा. एकच खोली. घरमालक म्हणला, पोर रडतंय, वरच्या पोरांची नाईट शिफ्ट असती, झोप मोडती. म्या रिक्षा आणली." काका बनियन खाली ओढत राहिले. "तिनं काई म्हणलं न्हाई. पिशवी घेतली आन् बसली. तवा मला असं आडवं हुबं ऱ्हायाचं सुचलं न्हाई, अण्णा."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावरचा भुसा आपल्या हातानं झटकला. मग विचारलं, "येती का आता?"

"येती की," काका म्हणाले. "सणाला येती. मुक्कामाला थांबत न्हाई."